ज्या दुकानाने मला सात महिने शिंपला विकला नाही

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापलाय तो मालकाच्या तोंडासाठी. माणूस खरं बोलतो, पण गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची द्यावी हे त्याला सुचत नाही, आणि मी त्या दुकानात पाऊण तास उभ्याउभ्या बोलणी खाल्लीत. तीही लोणच्याच्या बरणीवरून. ते पुढे येईलच.

दुकान समुद्री माशांचं आणि प्रवाळांचं, अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसमध्ये, शहराच्या उत्तर बाजूला, एका टायरवाल्याला लागून. नाव लिहीत नाही. मालकाला विचारलं होतं, तर म्हणाला, "नाव टाकलंस की लोक फोन करून नुसते भाव विचारत बसतात." इकडे खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या कुणालाही "तो खडूस म्हातारा" एवढं म्हटलं तरी पत्ता मिळतो, त्यामुळे कुणाचं काही अडणार नाही.

आता शिंपला. मी वेंगुर्ल्याची. तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवं यांत वाढलेली. आमच्याकडे शिंपला म्हणजे बाजारात वाट्यावर घ्यायचा, विळीवर उघडायचा, एक शिंप टाकून द्यायची आणि दुसरीतल्या मांसाला खोबऱ्याचं वाटण लावायचं. एकशिपी. तोच शिंपला काचेच्या टाकीत ठेवून, वर दिवा लावून, त्याच्यासाठी पाण्यातला चुना मोजत बसणार आहे, असं मी आईला सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाली, "केवढ्याक?" मी डॉलरमध्ये सांगितलं, तिने रुपयांत केलं. "खुळी झालंस काय गो?"

हे शिंपले म्हणजे ट्रायडॅक्ना, महाशिंपले. हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या उथळ, लख्ख पाण्यात, प्रवाळांच्या सोबतीने राहणारे. त्यांतला सगळ्यात मोठा गिगास. तो सव्वा मीटरपर्यंत वाढतो आणि दोनशे किलोंच्या वर जातो, तेव्हा त्याचं नावच काढू नका. घरच्या टाकीत ठेवतात ते क्रोशिया, मॅक्झिमा, स्क्वॅमोसा आणि डेरासा. शिंपा उघडून हा प्राणी आपली मांसल झालर बाहेर पसरतो आणि लोक पैसे मोजतात ते त्या झालरीसाठी. मोरपंखी, जांभळी, सोनेरी, ठिपक्यांची, रेघांची. त्या मांसात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. शेवाळ उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं शिंपल्याच्या पोटी जातं. पाणी गाळून तोही खातोच, आपल्या तिसरीसारखा, पण त्याचं खरं पोट भरतं उन्हावर. झालरीच्या काठाने शेकडो बारीक डोळे असतात, सुईने टोचल्यासारखे. सावली पडली की त्यांना कळतं, आणि सगळी झालर क्षणात आत.

माझा पहिला शिंपला या दुकानातला नव्हता. फेब्रुवारी २०२२. टाकी चार महिन्यांची, चाळीस गॅलनची, म्हणजे साधारण दीडशे लिटर. एका वेबसाइटवर दोन इंची निळा क्रोशिया दिसला, खाली लिहिलेलं: नवशिक्यांना चालेल. ८५ डॉलर शिंपल्याचे, ४५ एका रात्रीत पोचवण्याचे. (क्रोशिया हे नाव ऐकून आईला वाटलं मी विणकामाच्या सुया मागवल्या. ती खूश झाली होती.) त्या आठवड्यात इथे उणे बारा. खोका दारात सकाळी नऊला यायचा तो दुपारी दोनला आला. आत ऊब देणारी पुडी होती, ती केव्हाच थंड झालेली. पिशवीतल्या पाण्यात थर्मामीटर बुडवला तर सतरा अंश. माझ्या टाकीत सव्वीस.

तरी तो जगला असता की नाही कोण जाणे, कारण पुढच्या सगळ्या चुका माझ्या. क्रोशिया हा खडकात रुतून राहणारा शिंपला, मी त्याला वाळूत ठेवला. त्याला या चारांत सगळ्यात जास्त उजेड लागणाऱ्यांत गणतात, माझा दिवा स्वस्तातला, झाडांना लावायच्या लायकीचा. आणि टाकीत एक फ्लेम एंजल होता, नारिंगी, देखणा, मुलीचा लाडका. हे एंजल मासे शिंपल्याच्या झालरीला टोचतात हे मी नंतर वाचलं. आधी पाहिलं.

बाराव्या दिवशी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवत होते. तिने चष्मा लावला, फोन नाकाशी नेला. "बोट लाव त्याका." मी काठी लावली. शिंपा जेमतेम हलल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. मधलं भोक आ वासल्यासारखं उघडंच. "गो बाय, तां गेलां," आई म्हणाली. "तोंड मिटणा नाय."

आई बाजारात तिसऱ्या अशाच घेते. पाटीत जी तिसरी उघडी दिसते तिला बोट लावायचं. मिटली तर पिशवीत, नाही मिटली तर कोळणीच्या देखत बाजूला. पन्नास वर्षांचा हात आहे तो. मी बारा दिवस इंग्रजी लेख वाचत होते आणि तिने वेंगुर्ल्यात बसून पाच सेकंदांत निकाल दिला. पाच दिवसांनी शिंपला पुरता मेला. रात्रीतून मेला आणि सकाळपर्यंत पाणी गढूळ, वर असा वास की नवऱ्याने विचारलं सिंकमध्ये काय अडकलंय. अमोनिया चढलेला. दोन दिवसांत दोनदा निम्मं पाणी बदललं तेव्हा मासे वाचले. तुमच्याकडे कधी मेला तर सकाळची वाट पाहू नका, लगेच काढा.

मार्चमध्ये या दुकानात गेले ते दुसरा शिंपला घ्यायलाच. पैसे खिशात, कुठे ठेवायचा ती जागा ठरलेली. मालक काउंटरमागे बसून प्रवाळाचे तुकडे गोंदाने चिकटवत होता. सत्तरीचा असेल. वर न बघता त्याने प्रश्न विचारले. टाकी किती जुनी? मासे कोणते? दिवा? अल्कलिनिटी? (म्हणजे पाण्यातले कार्बोनेटी क्षार, ज्यांतून शिंपला आपली शिंप घडवतो.)

"अल्कलिनिटी चांगली आहे," मी म्हणाले.

"चांगली म्हणजे किती?"

मला आकडा आठवेना. मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते, दिवसभर लोकांच्या रक्तातले आकडे दशांशापर्यंत लिहिते, आणि घरच्या पाण्याचा आकडा माहीत नाही. तो म्हणाला, "पाणी आण. मग बोलू."

पुढच्या शनिवारी पाणी नेलं. कैरीच्या लोणच्याची रिकामी बरणी तीन वेळा साबणाने धुऊन, उकळत्या पाण्याने विसळून. त्याने झाकण उघडलं, नाकाशी नेलं, दिव्यासमोर धरलं. वर तेलाचा इंद्रधनुषी तवंग. "हे काय, सॅलड आहे?" आणि तिथून पाऊण तास. तेल वर तरंगलं की काय होतं, साबण राहिला तर काय होतं, प्लास्टिकला मसाल्याचा वास कसा धरतो, मी टाकीत कुठल्या बादलीने पाणी घालते, त्या बादलीने आणखी काय काय करते. (लादी पुसते. सांगितलं नाही.) मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती गुपचूप ऐकत होती. शेवटी कपाटातून झाकणाची छोटी कोरी बाटली काढून दिली. फुकट. ती अजून माझ्याकडे आहे.

शिंपला मात्र मिळाला नाही. "शरद ऋतूत ये," म्हणाला.

त्या सात महिन्यांत मी त्या दुकानाला दिलेले पैसे मोजले तर १५० डॉलरच्या आत भरतील, आणि शिंपला विकून त्याला पहिल्याच दिवशी तेवढे मिळाले असते. करून घेतलेल्या गोष्टी अशा.

पहिली, वही. रोज संध्याकाळी एकाच वेळी अल्कलिनिटी मोजून लिहायची, महिनाभर. हॅना कंपनीचा चेकर घेतला, मुठीत मावणारं मोजणीचं यंत्र, साधारण पन्नास डॉलरचं. एक मिलिलिटर द्रावण, दोनदा बटण, आकडा समोर. रंग जुळवत बसायला नको. महिन्याच्या शेवटी वही दाखवली. ६.९ पासून ९.८ पर्यंत, वर खाली, डोंगर काढल्यासारखी. त्याने फक्त वार बघितले. अल्कलिनिटी चढवायचा आठवड्याचा सगळा सोडा मी रविवारी एकदम घालत होते. "प्रत्येक आकडा चालेल असा आहे," तो म्हणाला, "पण रोज वेगळा चालणार नाही." पुस्तकात लिहितात की शिंपल्याला ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) हवं, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. ते बरोबरच. पण माझी टाकी साडेआठावर सहा आठवडे हलली नाही तेव्हा कुठे तो दुसऱ्या विषयाकडे वळला.

दुसरा विषय एंजल. तो मासा त्याने परत घेतला आणि वीस डॉलर माझ्या नावे जमा धरले. घरी मुलीने दोन दिवस अबोला धरला. इथे त्याने मलाही थोडं समजून घ्यायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

तिसरा उजेड. पार मीटर नावाचं यंत्र असतं, पाण्याखाली झाडाला किंवा प्रवाळाला कामाचा उजेड किती पोचतो ते मोजणारं. विकत घ्यायला महाग. दुकान ते आठवड्याला २५ डॉलरने भाड्याने देतं, आणि या एका सोयीसाठीही मी या दुकानाची शिफारस करेन. आमच्या डोळ्यांना लख्ख दिसणाऱ्या टाकीत वाळूपाशी आकडा आला ६०. डेरासाला निदान दीडशे-दोनशे हवेत, मॅक्झिमा-क्रोशियाला त्याच्याही बरंच वर. म्हणजे माझा निळा शिंपला सतरा दिवस उपाशी होता. जुना रेडियन दिवा २२० डॉलरला घेतला, तो या दुकानातून नव्हे, एका छंद सोडलेल्या माणसाकडून. मालकानेच नंबर दिला. त्याच्या कपाटात नवे दिवे होते.

चौथ्या गोष्टीने मला खरा धक्का बसला. माझं नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठतं ते, शून्य होतं आणि मला त्याचा अभिमान होता. त्याने मान हलवली. शिंपला पाण्यातलं अमोनियम, नायट्रेट शोषून घेतो, त्याच्या अंगातल्या शेवाळाचं ते खत. इतक्या चकचकीत पाण्यात तो फिका पडत जातो. "माशांना पोटभर घाल," म्हणाला. नायट्रेट पाच-दहावर आणायला दीड महिना गेला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी घर जास्त स्वच्छ आहे म्हणून ओरडलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये डेरासा मिळाला. चार इंची, ९५ डॉलर.

डेरासाच का, तर हा गुळगुळीत पाठीचा, वाळूवर बसणारा, चौघांत सोशिक, आणि मुख्य म्हणजे शेतीतला. प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवर १९८० च्या दशकापासून ही शिंपल्यांची रोपवाटिका मोठ्या प्रमाणावर चालते. टाक्यांत पिल्लं करायची, मग पिंजऱ्यात घालून उथळ समुद्रात वाढवायची. समुद्रातून उपटून आणलेल्यापेक्षा हा बंद पाण्याला आधीच सरावलेला असतो. महाशिंपल्यांचा सगळाच व्यापार साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, म्हणजे परवान्याशिवाय सीमेपार नाही. मालकाने न मागता आयातीच्या कागदाची प्रत दाखवली. रंगाला मात्र डेरासा साधा. तपकिरी-सोनेरी, काठाला निळसर रेघ. ज्यांना इन्स्टाग्रामवरचा निळा झगमगाट हवाय त्यांचा हिरमोड होईल.

निवडायची पद्धत बघून मी हसलेच. त्याने टाकीवरून हात फिरवला. सावली पडली, तीन शिंपले फटकन मिटले, एक रेंगाळला. "तो नको," तो म्हणाला. आईची पाटी! मग मिटलेल्यांतला एक उचलून उलटा केला आणि तळाचं भोक दाखवलं. तिथून धाग्यांचा झुबका निघतो, बिसस म्हणतात त्याला, त्याने शिंपला खडकाला धरून राहतो. कुणी ओढून काढला असेल तर तिथलं मांस फाटतं आणि असा शिंपला आठवड्याभरात जातो. वरून कितीही सुंदर दिसो. दुकानात शिंपला उलटा करून दाखवायला सांगा. दाखवत नसतील तर निघा. घरी वाळूखाली एक सपाट फरशीचा तुकडा ठेवायला सांगितला, म्हणजे धागे त्याला धरतील आणि पुढे हलवायचा झाला तर तुकड्यासकट उचलता येईल.

टाकीत सोडण्याबद्दल फार सांगत नाही. पिशवी तरंगत ठेवली, मग बारीक नळीने थेंब थेंब टाकीचं पाणी घातलं, तासभर. पिशवीतलं पाणी टाकीत ओतलं नाही. दिवा निम्म्यावर आणला आणि तीन आठवड्यांत चढवत नेला. पाण्याखाली त्याला जरा तिरपा हलवला, आत हवा अडकली असेल तर निघावी म्हणून. एवढंच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातून फोन. "रात्री बघितलंस का?"

"रात्री काय?"

"दिवे गेल्यावर दोन तासांनी. विजेरी घे. तळाशी बघ."

रात्री अकरा वाजता मी आणि मुलगी टाकीसमोर उकिडव्या बसलो. विजेरीच्या उजेडात शिंपल्याच्या बुडाशी, धाग्यांच्या भोकाजवळ, दोन पांढऱ्या कण्या. खरंच तांदळाच्या कण्या वाटाव्यात अशा. मग त्यांतली एक सरकली. ह्या पिरॅमिडेलिड गोगलगायी. दिवसा शिंपेच्या आडोशाला लपतात, रात्री बाहेर येऊन सोंडेने शिंपल्याचा रस पितात. दोन दिसल्या म्हणजे वीस येणार. शिंपला टाकीच्याच पाण्याच्या कुंडीत घेऊन जुन्या टूथब्रशने पाठ आणि काठ घासला, शिंपेवर पारदर्शक चिकट ठिपके होते ते अंडी, तेही. असं एकाआड एक रात्र, दोन आठवडे. मुलीला फ्लेम एंजल गेल्याचं दुःख इथे थोडं विसरलं. कण्या मोजायचं काम तिचं होतं. एकूण भरल्या सतरा.

ह्या गोगलगायी दुकानातूनच आल्या, दुसरीकडून यायला वाव नव्हता. सात महिने माझ्या बरणीची परीक्षा घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या टाकीचा तळ बघितला नाही, हे मी त्याला फोनवर बोलून दाखवलं. तो गप्प. मग म्हणाला, "माझीच चूक." कण्या खाणारा सिक्स-लाइन रॅस मासा त्याने निम्म्या भावात दिला, पंधरा डॉलरला. तारा मी यासाठी कापला नाही. कापायला हवा होता कदाचित. पण ज्याने विकल्यावर तिसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला, त्याच्या फोनमुळेच मला ते दिसलं.

पाच आठवड्यांनी शिंपेच्या काठाला पांढरी कोर दिसली. नखाच्या बुडाशी चंद्र असतो ना, तशी, फक्त टोकाला. जुनी शिंप पिवळट-मातकट आणि ही नवी, दुधासारखी. ही कोर म्हणजे शिंपला वाढतोय. झालर किती फुलली, रंग किती चढला, त्यावरून फसायला होतं, कोरीवरून नाही. मी रोज सकाळी चहा हातात घेऊन ती बघत असे.

वाढ म्हणजे शिंप, आणि शिंप म्हणजे चुना. जसजसा तो मोठा होत गेला तसतशी टाकी अल्कलिनिटी खाऊ लागली. आधी दिवसाला अर्धा डीकेएचसुद्धा उतरत नव्हता, वर्षाने एकच्या वर. दुकानदाराने इथे ती तूट भरून काढणाऱ्या द्रावणांच्या बाटल्यांची जोडी विकली असती तर मी मुकाट्याने घेतली असती. त्याने सांगितलं, कल्कवासर कर. नाव जर्मन, वस्तू आपली शाळेतली चुन्याची निवळी! विरलेला चुना आरओ पाण्यात ढवळायचा, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी घ्यायचं. नळीने फुंकर मारली की दुधाळ होतं तेच ते. इथे किराणा दुकानात लोणच्यासाठी शुद्ध चुना मिळतो, स्वस्तात. पानाचा चुना वापरू नका, त्यात काय काय असतं त्याचा भरवसा नाही. निवळी अतिशय दाहक असते, पीएच बाराच्या वर, म्हणून रात्रभर थेंबाथेंबाने सोडायची. एकदम ओतली तर टाकी मेली समजा. लोणच्याच्या बरणीवरून मला झापणाऱ्या माणसाने शेवटी लोणच्याचा चुना घ्यायला लावला, हे मी त्याला सांगून पाहिलं. त्याला विनोद कळला नाही.

शिंपल्यांचं खाद्य म्हणून हिरव्या पाण्याच्या बाटल्याही त्याच्या कपाटात असतात. घेऊ का विचारलं. "चार इंचीला? माशांना घाल, त्याला मिळेल." बारक्या पिल्लांना त्याचा उपयोग होतो असं तो मानतो, आणि अगदी बारकी पिल्लं तो नवशिक्याला विकतच नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात आई आली, सहा महिन्यांसाठी. तिने टाकीसमोर खुर्ची ओढली ती बहुधा तिथेच राहिली. ती पुढे वाकली की सावली पडायची आणि शिंपला मिटायचा, आणि ती चेहरा मागे घ्यायची. एक दिवस स्वयंपाकघरातून ऐकलं, ती काचेला सांगत होती, "भिया नको. मी तुका खावचंय नाय." मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, "तुझी एकशिपी होवची नाय." परत जाताना तिने विचारलं, असले आपल्याकडे नसतात का. असतात, लक्षद्वीपला, अंदमानला. पण तिथे ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, काढणं-विकणं गुन्हा आहे. पुण्या-मुंबईत हे वाचून कुणाला हुक्की आली असेल आणि कुणी दुकानदार पडद्यामागून महाशिंपला काढून दाखवत असेल, तर हात मागे घ्या. इथलेही दिवस बदलताहेत. जुलै २०२४ मध्ये नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेने महाशिंपल्यांना इथल्या धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली आणायचा प्रस्ताव मांडला, त्यात डेरासाही आहे. तेव्हा घेण्याआधी त्या दिवशीचा नियम काय आहे तो तपासूनच जा.

दुकानाच्या उणिवा सांगायच्या राहिल्या. पार्किंग तीन गाड्यांचं, त्यातली एक मालकाची. सोमवार-मंगळवार बंद, आणि बुधवारीही दार उघडेल याची खात्री नाही. किमतीच्या चिठ्ठ्या नाहीत. विचारावं लागतं आणि तो चेहरा बघून सांगतो असा मला संशय आहे. आत ओल आणि समुद्राच्या ओहोटीसारखा वास. वरचे दिवे सगळे गडद निळे, त्यात दगडसुद्धा चमकतो, म्हणून घेण्याआधी पांढरा दिवा लावायला सांगा. सांगितलं की लावतो. हिवाळ्यात जाल तर गाडी आधी गरम करून ठेवा आणि थर्मोकोलचा खोका न्या, तो देत नाही.

आणि एक गोष्ट त्याने मला विकतानाच स्पष्ट सांगितली होती, जी मी तेव्हा कानाआड केली. डेरासा दोन फुटांच्या आसपास जाऊ शकतो, तुझी टाकी तीन फुटी. तीन वर्षं मजा कर, मग मोठी टाकी घे नाहीतर तो मला परत दे. आता तो साडेआठ इंच आहे. पसरला की दोन तळहात शेजारी ठेवल्यासारखा. शेजारच्या प्रवाळांवर त्याची सावली पडू लागली आहे. नवरा म्हणतो परत दे. मुलगी म्हणते आता तर मी बोलणारच नाही. मी सहा फुटी टाकीचे भाव बघतेय आणि जमिनीखालच्या लाकडी तुळया किती वजन पेलतील ते कुणाला विचारावं याच्या शोधात आहे.

गेल्या शनिवारी दुकानात गेले होते, चेकरच्या द्रावणासाठी. कोपऱ्यातल्या टाकीत एक मॅक्झिमा आलाय, अडीच-तीन इंची, काळ्यावर फिरोजी ठिपके. मी टाकीवरून हात फिरवला. फटकन मिटला. पांढरा दिवा लावायला सांगितला, तरी रंग तसाच. उलटा करून बघितला, तळ स्वच्छ. विजेरीसुद्धा पर्समध्ये होती. काउंटरवर जाऊन किंमत विचारली.

त्याने चष्म्यावरून बघितलं. "पाणी आणलंस?"

नव्हतं आणलं.